आमच्या घरमालकांचा वजनकाटा

आमच्या घरमालकांनी आयुष्यात कुठल्याही माणसाचं तोंड आधी पाहिलं नाही. ते आधी वजन पाहत, मग तोंड, आणि नाव विचारायचं बहुधा राहूनच जाई. सोनेगावच्या विमानतळावर विमानात चढणाऱ्या प्रत्येक माणसाला आणि त्याच्या पेटीबिस्तऱ्याला ज्या काळात वेगवेगळं काट्यावर चढवत, त्या काळापासून ते त्या काट्यामागे उभे होते. नागपुरातून उडणारा माणूस मंत्री असो, गिरणीमालक असो की एखाद्या संस्थानचे महाराज असोत, घरमालकांच्या लेखी तो पौंडांचा एक आकडा होता. वर्तमानपत्रात पुढाऱ्याचा फोटो आला की आपण म्हणतो, हा बोलतो छान, किंवा हा लबाड आहे. घरमालक फोटोकडे पाहून म्हणत, "मागच्या इलेक्शनपासून वाढला गा हा," आणि पेपर बाजूला ठेवून देत. राजकारणात त्यापलीकडे समजून घेण्यासारखं काही असेल असं त्यांना वाटत नव्हतं.

आम्ही त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेलो तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. शहरातल्या महाल भागातल्या घरात भावांची बिऱ्हाडं वाढलेली, म्हणून मी कचेरीपासून लांब पडलं तरी वर्धा रोडला जागा बघत होतो. घरमालक ओसरीवर बाजेवर बसले होते. स्वतः अवाढव्य माणूस. ते बसले की बाजेची नवार खाली जमिनीची विचारपूस करून यायची. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग माझ्या बायकोला पाहिलं. नोकरी कुठली, गाव कुठलं, भाडं वेळेवर द्याल का, काही म्हणजे काही विचारलं नाही. आत तोंड करून म्हणाले, "अवं, हे दोघं माडीले चालते." झालं, जागा मिळाली. माडीची जमीन जुन्या सागवानी फळ्यांची होती आणि आमच्या आधी आलेल्या एका मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला घरमालकांनी "तुम्ही मानसं चांगले हा, पन तुमचं खालीच कुठं पाहा" असं सांगून वाटेला लावलं होतं, हे मागाहून कळलं. आमच्याकडे पाहुणा यायचा झाला की आधी त्यांच्या कानावर घालावं लागे. माझे सासरे आले त्या दिवशी घरमालक स्वतः जिना चढून वर आले, सासऱ्यांकडे एकदा पाहिलं, खाट ओढून तुळईवर येईल अशी लावली आणि म्हणाले, "कूस खुशाल बदला, पन खाट बदलू नका." सासरे आठ दिवस राहणार होते, ते तिसऱ्या दिवशी गेले.

घरमालकांना ही नोकरी वावराच्या बदल्यात मिळाली होती. धावपट्टी लांबवली तेव्हा त्यांचं तुरीचं वावर तिच्यात गेलं, वावरातली विहीर बुजवली गेली आणि घरातल्या एका माणसाला कामावर घ्यायचं ठरलं. काकू, म्हणजे घरमालकांची बायको, लग्न होऊन आल्या तेव्हा ते वावर होतं. त्यांनी तिथं तूर सोंगली होती, त्या विहिरीचं पाणी शेंदलं होतं. मूलबाळ नव्हतं. दुपारी गच्चीवर तांदूळ निवडत बसल्या असल्या आणि विमान खाली यायला लागलं की सुपातून डोकंही वर न करता म्हणत, "उतरलं वं आमच्या तुरीत." माझ्या बायकोला पहिल्यांदा हे ऐकून अपघात झाला असं वाटलं होतं.

त्या काळची विमानं म्हणजे डकोटा. जमिनीवर ती शेपूट टेकून बसत, त्यामुळे आत शिरलेल्या माणसाला चढण चढून आपल्या जागेवर जावं लागे. कोण पुढं बसेल, कोण मागं, पेट्या कुठं, टपालाच्या थैल्या कुठं, हे वजनावर ठरे, आणि घरमालकांच्या हाती काट्याची पितळी दांडी आणि तिच्यावर सरकणारं वजन असे. पेटी जड भरली की जादा पैसे पडत, म्हणून लोक वजन कमी दाखवण्यासाठी काय काय करत, ते सांगायला लागले की घरमालक रंगात येत. जाड माणसं एक पाय काट्याच्या कडेबाहेर ठेवत. बायका दागिन्यांचा डबा पदराखाली घेऊन पेटी रिकामी दाखवत. एकदा होळी होऊन गेलेली, वर ऊन तापलेलं, आणि काटोलचा एक व्यापारी दिल्लीला जायला लोकरी कोट घालून आला. घरमालकांनी दांडीला हातही लावला नाही.

"एवढ्या उन्हात कोट घालनारा मानूस एक तर वकील असते, नाही तर संत्रं नेऊन राहिला असते," ते म्हणाले. "तुम्ही वकील हा का?"

"नाही," व्यापारी बिचारा खरं बोलला.

"मंग उतरा खाली. खिसे रिकामे करा अन् चढा."

कोटाच्या खिशांतून, अस्तरातून, बाह्यांतून संत्री निघाली, आणि ती कुणाला तरी भेट म्हणून चालली होती, त्यामुळे व्यापारी रडायच्या बेताला आला. घरमालकांनी एकही सोडलं नाही. "उतरा खाली" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ते न ओरडता, न रागावता म्हणत, आणि ते ऐकून न उतरलेला माणूस सोनेगावनं पाहिला नाही.

एवढी कडक शिस्त कशासाठी, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला एका बड्या वकिलाला त्यांनी भिडेखातर सोडलं होतं. वकिलांच्या पुस्तकांच्या पेट्या होत्या. वाकून नमस्कार करायची सवय अजून गेली नव्हती, त्यामुळे घरमालकांनी आकडा कमी सांगितला. एकाला सोडलं म्हणून त्याच विमानाच्या दुसऱ्या दोघांनाही सोडावं लागलं. विमान धावलं, धावलं, उठेचना. अगदी टोकाला गेल्यावर उठलं, ते पलीकडच्या बाभळींचे शेंडे हलवत गेलं. विमानाला काही झालं नाही. घरमालक मात्र शेडच्या मागं जाऊन ओकले आणि दोन दिवस तापानं पडून होते. "आतमंदी लेकरं होते, भाऊ," एवढंच ते म्हणाले.

त्या दिवसापासून वजनाची भीती त्यांच्या हाडात शिरली, ती विमानतळावरच राहिली असती तर प्रश्न नव्हता. पण ती रोज सायकलवरून घरी यायची. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांना थांबवून माणसांच्या जागा बदलत, कारण एका बाजूचे पाट जड झाले की त्यांच्या घशाखाली जेवण उतरत नसे. टांग्यात ते स्वतः पुढं बसत आणि आम्हा सगळ्यांना मागं कोंबत. त्यांच्या भाचीच्या लग्नाला आम्ही उमरेडच्या एस.टी.नं निघालो, तर शहर सुटायच्या आत ते उठून उभे राहिले आणि लोकांना इकडचं तिकडं बसवू लागले. एका म्हातारीला तिच्या गाठोड्यासकट पुढं नेलं, दोन पैलवान मधल्या बाकावर आणले. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली.

"काका," तो म्हणाला, "हे गाडी उडत नाही."

"उडत नाही म्हनूनच तुमी लोकं निष्काळजी हा," घरमालक म्हणाले आणि शेवटच्या माणसाला बसवूनच बसले. गाडी मात्र उमरेडपर्यंत हिंदकळली नाही, असं ते पुढं कित्येक वर्षं सांगत. मला आठवतं त्याप्रमाणे ती भरपूर हिंदकळली होती.

त्या काळी रात्री टपालाची विमानं चार दिशांनी नागपूरला येत, थैल्यांची अदलाबदल करत आणि परत जात. ज्या रात्री घरमालकांची पाळी नसे त्या रात्री ते घरी पडल्या पडल्या आवाजावरून कुठलं विमान जड आहे ते सांगत, आणि काकू झोपेतच हुंकार भरत. पुढं ती विमानं बंद झाली. सगळं सोनेगाव शांत झोपू लागलं, आणि घरमालकांची झोप गेली ती गेलीच. डकोटाही एकेक करून दिसेनाशी झाली. पंख्यांचीच, पण मोठी विमानं आली, आणि मग एक दिवस जेट आलं. सगळं शहर ते बघायला लोटलं. घरमालकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते मुकाट्यानं घरी आले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. नवीन नियम आला होता की आता माणसांना काट्यावर उभं करायचं नाही. मोठ्या माणसाचं एक ठरलेलं वजन धरायचं, मुलाचं एक धरायचं, आणि डोकी मोजून गुणाकार करायचा.

"म्हंजे तुमी, मी अन् ते काटोलवाला, सगळे सारखेच?" ते मला विचारत होते, जणू नियम मीच काढला होता. "मानसं काय विटा हाय का, एका साच्यातल्या?"

मी त्यांना सरासरी समजावून सांगायचा प्रयत्न केला. मोठ्या विमानात एवढ्या तेवढ्यानं फरक पडत नाही, जाडा आणि बारीक एकमेकांत जिरून जातात. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जिरत नाही, भाऊ. ज्याचं त्याचं वजन ज्याच्या त्याच्यापाशीच राहते." मग त्यांना पेट्या चढवणाऱ्यांवर देखरेखीचं काम मिळालं. जुना काटा शेडमध्ये गंजत पडला, आणि भंगाराच्या लिलावात निघाला तेव्हा घरमालकांनी तो घेतला, बैलबंडीत घालून घरी आणला आणि घासून पुसून ओसरीवर ठेवला. सोमवारी त्यांना सुट्टी असे. दर सोमवारी सकाळी आळीतली पोरं, बायका, दूधवाला, धोबी असे सगळे ओसरीवर वजन करायला येत. माझ्या मुलीचं बारशापासूनचं सगळं वाढणं त्या काट्यावर झालं. घरमालक आकडा मोठ्यानं सांगत आणि आतून काकू प्रत्येकाला काही ना काही खायला आणून देत, म्हणजे पुढच्या सोमवारी आकडा वाढलेला असावा.

एका गोष्टीवरून मात्र त्या दोघांचं कधी जमलं नाही. नोकरीतल्या माणसाला आणि त्याच्या बायकोला वर्षातून एकदा विमानाचा फुकट पास मिळे, आणि तो दर वर्षी वाया जाई. घरमालक स्वतः कधी विमानात बसले नव्हते. बाभळीचे शेंडे त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते, हे मी ओळखून होतो. पण ते कारण ते सांगत नसत.

"हजारो लोकायले बसवून देल्लं," काकू म्हणत, "मले एकडाव नाही बसवलं."

"विमानात जाते ते लोड असते. घरच्या बाईले मी लोड म्हनू का?"

"म्हना ना. मले वरून आपलं वावर पाहाचं हाय."

"तिथं आता वावर कुठं हाय वं?"

"मले दिसन," काकू म्हणत आणि विषय तिथं संपे. हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलं होतं की दोघांपैकी कुणीही मध्येच उठून गेलं तर ते मी पुरं केलं असतं.

जेट येऊन काही वर्षं झाली होती. पावसाळा संपत आला होता. एका सकाळी घरमालक अंगणाच्या कोपऱ्यात उभे राहून काकूंकडे पाहत होते. काकू तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांनी पाणी घातलं, प्रदक्षिणा घातली, आत गेल्या, तरी हे तिथंच उभे. मग जिना चढून वर आले आणि दारातच माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, तुमची काकू जेवते का बरोबर, जरा विचारा. मले सांगत नाही." वजन किती उतरलं हे ते बोलले नाहीत. ज्या माणसानं रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही आकडा सांगितल्याशिवाय सोडलं नाही, त्याच्या तोंडून आकडा निघेना.

काकूंच्या पोटात गाठ निघाली. घरी येऊन तपासणारे डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी घरमालकांना ओसरीवर बसवून सगळं सांगितलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गाठ काढता येईल, पण आत्ताच्या या अंगाला ती शस्त्रक्रिया सोसायची नाही. आधी वजन चढू द्या. अमुक इतकं झालं की मी चिठ्ठी देतो, आणि न्याल तेव्हा विमानानं न्या, गाडीचे धक्के यांना झेपणार नाहीत. घरमालकांनी काट्याच्या पितळी दांडीवर नेमका तो आकडा शोधला आणि तिथं देवघरातला लाल दोरा बांधला. वजन सरकत सरकत त्या दोऱ्याशी गेलं की मुंबई.

त्यानंतर सोमवारी आळीतलं कुणी आलं नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण येणं आपोआप थांबलं. सकाळी न्हाऊन काकू काट्यावर उभ्या राहत, मी आणि बायको जिन्यात उभे असू, आणि घरमालक सरकतं वजन एका बोटानं ढकलत. ते दोऱ्याच्या दिशेनं जायच्या ऐवजी दर सोमवारी थोडं थोडं अलीकडे येत राहिलं. घरमालकांनी घरात तुपाचे डबे आणले, पेंडखजूर आणला, बुटीबोरीच्या नातेवाइकांकडून गावठी कोंबड्यांची अंडी आणली. काकूंना दोन घास गिळताना घाम फुटे. रात्री खालून भांड्यांचा आवाज येई आणि घरमालक हलक्या आवाजात म्हणत असलेलं ऐकू येई, "अजून एक घास. माह्यासाठी एक." त्यांच्या त्या आवाजाची मला सवय नव्हती.

आणि मग एका सोमवारी वजन वाढलं. फार नाही, पण दोऱ्याकडे सरकलं. घरमालकांनी आकडा वाचला, काकू हसल्या. पुढच्या सोमवारी आणखी सरकलं. मी खुशीत वर आलो आणि बायकोला म्हटलं, तुपानं काम केलं. ती पाठ फिरवून भाजी चिरायला लागली. संध्याकाळी मात्र तिला राहवलं नाही, तिनं सांगून टाकलं. काकू घरातला पितळी बत्ता लुगड्याच्या ओच्यात खोचून, वरून शाल घेऊन काट्यावर चढत होत्या. आता तो पुरेनासा झाला होता, म्हणून त्या सकाळी आमच्या खलातला लोखंडी बत्ता मागून घेऊन गेल्या होत्या.

"आणि तू दिलास?" मी म्हटलं.

"ऐकून तर घ्या," बायको म्हणाली. काकूंनी तिला जे सांगितलं ते तिनं मला जसंच्या तसं सांगितलं: "दवाखान्यानं मी वाचन असं मले नाही वाटत, पोरी. मायं पोट मले समजते. पन काटा त्या दोऱ्यापाशी गेला तं हे मले विमानात बसवते. बसल्यावर काय व्हाचं ते हो. मी एकडाव आमचं वावर वरून पाहून घेतो."

मी खाली जाऊन घरमालकांना सांगायला हवं होतं की नको होतं, हे मला त्या वेळीही कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. मला नवल एवढंच वाटत होतं की कोटाच्या अस्तरातलं संत्रं ज्यांना दिसत होतं त्यांना हे कसं दिसत नाही. पण मी नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की सोमवारी ते काकूंकडे पाहतच नव्हते. मान खाली घालून फक्त दांडीकडे पाहत होते. मायेनं माणूस आंधळा होतो म्हणतात तसं झालं असेल, असं मी धरून चाललो. काकूंचे खांदे शालीखालून उंच दिसायला लागले होते, पाय काट्यावर ठेवताना त्या भिंतीचा आधार घेत होत्या, आणि आकडा वाढत होता.

थंडी पडली तेव्हा वजन दोऱ्याशी पोचलं. डॉक्टरांना बोलावलं. "भरलं का?" त्यांनी विचारलं. घरमालकांनी आकडा सांगितला. डॉक्टरांनी अंथरुणावरच्या काकूंकडे पाहिलं, मग बराच वेळ घरमालकांकडे पाहिलं, आणि चिठ्ठी लिहून दिली.

त्यांना पोचवायला मी विमानतळावर गेलो होतो. काकूंनी लग्नात नेसायचं हिरवं लुगडं नेसलं होतं. त्यात त्या हरवल्यासारख्या दिसत होत्या. काउंटरवर एक तरुण होता. घरमालकांच्या हाताखाली शिकून वर गेलेला. त्याला त्यांच्या जुन्या रागाची माहिती असावी. वातावरण हलकं करायला तो हसत म्हणाला, "काका, काकूंना काट्यावर उभं करायचं का, की नियमानं वजन धरू?"

घरमालकांनी काउंटरवर हात टेकले. मला वाटलं, आता विटा आणि साचा येणार.

"तुमचा नियम बरोबर हाय, बेटा," ते म्हणाले. "एक मानूस म्हंजे एक मानूस. पुरं वजन धर."

त्या पोरानं पुरं वजन धरलं. कागदावर त्या दिवशी काकू चांगल्या सुदृढ बाई होत्या. मी कुंपणाशी उभा राहून विमान उठताना पाहिलं. ते वेळेवर उठलं, आणि मला उगाचच बरं वाटलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि परत पाठवलं. तिथं काट्यावर उभं राहताना ओच्यात काही खोचायची सोय नव्हती. घरी आल्यावर काकू दोन उशांना टेकून बसल्या आणि माझ्या बायकोला त्यांनी सगळा प्रवास सांगितला. इस्पितळाबद्दल एक वाक्यही नाही, सगळं विमानाबद्दल. "यायनं डोये मिटून खुर्ची अशी धरली का सोडच ना. म्या म्हटलं, अवो, डोये उघडा, आपली विहीर गेली खालून. बुजवली तं बुजवली, पन तिथलं गवत अजून हिरवं हाय, आजूबाजूचं सारं वाळलं तरी. मले बरोब्बर दिसलं." मग येताना त्यांनी घरमालकांना खिडकीशी बसवलं होतं. "पाहिलं का तुम्ही?" बायकोनं घरमालकांना विचारलं. "पाहिलं," ते म्हणाले, आणि काकूंचं पांघरूण सारखं करायला वाकले.

संक्रांतीच्या आत काकू गेल्या. आळी जमली. सगळी तयारी झाल्यावर खांदा कुणी कुणी द्यायचा हे ठरेना, कारण आमच्या आळीत असल्या गोष्टी घरमालक ठरवत. कोण उंच, कोण ठेंगणा, कोण किती पेलेल, कुठल्या बाजूला कोण, हे त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे आणि त्यांच्याशिवाय कुणाला जमू देत नसत. शेवटी एकानं त्यांना हळूच विचारलं, "कसं लावाचं, काका?" ते उंबऱ्यावर बसले होते. "कसेही लावा," ते म्हणाले. "काही फरक नाही पडत." मी एक खांदा दिला होता. त्यांनी म्हटलं ते खरं होतं.

तेरावा झाल्यावर एका सकाळी ते जिना चढून वर आले. हातात आमचा लोखंडी बत्ता होता, स्वच्छ घासलेला. त्यांनी तो माझ्या बायकोच्या हातात दिला. "तुमचा हाय. खालीच राहून गेल्ता," ते म्हणाले. बायको रडायलाच लागली. ते तिथंच, तुळई होती त्या जागी, जमिनीवर बसले.

"याचं अन् घरच्या पितळी बत्त्याचं, दोन्हीचं वजन मी दर सोमवारी मनात वजा करत होतो," ते म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग बोलला का नाहीत? आयुष्यभर लोकांना उतरवलंत तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "उतर खाली म्हनायले किती वेळ लागते, भाऊ," ते म्हणाले. "पन ते उतरली असती, तं पुन्हा चढली नसती."

आम्ही त्या घरात पुढं आणखी काही वर्षं राहिलो. काटा ओसरीवर होता, दोराही तसाच होता. पोरं त्याच्यावर उभी राहून उड्या मारत. घरमालक त्यांना हाकलत नसत, पण आकडाही वाचत नसत. नोकरी संपल्यावर ते दिवसभर बाजेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहत. माझ्या मुलीला शाळेतून येताना पाहून पूर्वी ते फाटकातच आकडा सांगत, ते आता विचारत, "जेवली का वं?" दूधवाल्याला विचारत, धोब्याला विचारत. कुणाचंही आधी तोंड पाहत. लोकांना ते आवडायला लागले होते, आणि मला मात्र त्यांच्याकडे बघवत नसे.

माझी बदली झाली आणि आम्ही जागा सोडली. सामान ट्रकवर चढवायला ते मुद्दाम उठले नाहीत. हमालांनी कसंही चढवलं. निघताना मी पाया पडलो. त्या वर्षी मला विषमज्वर होऊन गेला होता, कपडे अंगावर ढगळ झाले होते, आणि आरशातही मला ते कळत होतं. घरमालकांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच. मी थांबलो. त्यांचे ओठ हलले, पण ते म्हणाले, "तब्येतीले जपा, भाऊ." त्यांनी एकदा आकडा सांगितला असता तर मला फार बरं वाटलं असतं.